बसऱ्याला निघालेल्या खोल्या

दुबईहून आलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न सोन्याचा विचारतात आणि दुसरा त्या उंच इमारतीचा. मी दोन्ही परीक्षांत नापास झाले. सोनं घेतलं नाही, आणि ती इमारत टॅक्सीवाल्याने दाखवली तेव्हा मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा सापडेपर्यंत आम्ही बरेच पुढे गेलो होतो. “मग तुम्ही तिथं पाहिलंत तरी काय?” असं शेजारच्या कुलकर्णीबाईंनी जरा खोचकपणेच विचारलं. म्हटलं, बारा खोल्या पाहिल्या. त्यांना वाटलं, हॉटेलच्या. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

मंदी आल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मे महिन्यात शहाणं माणूस दुबईला जात नाही. पण तिकिटं स्वस्त झाली होती, मी निवृत्त, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा निनाद गेली कित्येक वर्षं “मावशी, एकदा ये” म्हणून मागे लागला होता. जन्मभर मी भूगोल शिकवला. इराणचं आखात फळ्यावर न बघता काढून दाखवायची. पण त्या आखाताच्या पाण्याला कधी बोट लागलं नव्हतं. विमानतळावरून घरी जाताना तसं म्हटलं, तर निनाद हळूच म्हणाला, “मावशी, इथं त्याला इराणचं म्हणू नकोस हं. अरबी आखात म्हण.” पहिल्याच तासाला माझा नकाशा चुकला.

बर दुबई

निनाद, त्याची बायको मृणाल आणि नऊ वर्षांची मुलगी ईरा बर दुबईत, म्हणजे जुन्या दुबईत, सहाव्या मजल्यावर राहतात. खाली गल्लीत साउथ इंडियन हॉटेल, शिंप्याचं दुकान, गजरे विकणारा माणूस, सगळं आपल्यासारखंच. मृणाल भाजी घेताना मनातल्या मनात नाही, मोठ्याने हिशेब करते. “कोथिंबीर दोन दिऱ्हम. म्हणजे सव्वीस रुपये, मावशी. घ्यायची का?” आता कोथिंबिरीशिवाय भाजी करायची की काय? मी म्हटलं घे, आणि इथं असेपर्यंत मला रुपयांत काही सांगू नकोस, घास उतरत नाही. ईराशी मी मराठीत बोलायची, ती उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं.

पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी उभी होती. तिच्यावर धुळीचा एवढा थर, की कुणीतरी बोटाने त्यावर अरबीत काहीतरी लिहून ठेवलं होतं. मालक कुठाय विचारलं तर निनाद म्हणाला, “गेला गावी. बहुतेक परत येणार नाही.” तो हे ज्या सुरात म्हणाला तो मला आवडला नाही. लहानपणापासून याला काही झालं की आवाज असा सपाट होतो. त्या संध्याकाळी मृणालकडून काढून घेतलं.

निनादची कंपनी अल क्वोजमध्ये पोर्टा केबिन बनवते, म्हणजे पत्र्याच्या तयार खोल्या. ट्रकवर चढवायच्या, नेऊन ठेवायच्या, वायर जोडली की माणसं राहायला मोकळी. टॉवर बांधणाऱ्या मजुरांच्या कॅम्पसाठी अशा खोल्यांना तोटा नव्हता. मग एका पाठोपाठ एक टॉवर थांबले. कॅम्पसाठी बनवलेल्या खोल्या यार्डातच राहिल्या आणि निम्म्या स्टाफला नारळ मिळाला. आता हातात एकच ऑर्डर होती. इराकमध्ये बसऱ्याजवळच्या एका गावी शाळा उभी करायची, बारा वर्ग, खर्च परदेशी मदतसंस्थेचा. निनादने यार्डात पडून असलेल्या मजुरांच्या खोल्यांचेच वर्ग केले होते. बसऱ्याहून इंजिनिअर येणार, तपासणार, सही करणार. सही झाली तर कंपनी राहील, निनादची नोकरी राहील आणि नोकरीबरोबर व्हिसा. नाही तर खलास. हा शब्द आपल्याकडेही आहे, पण तिथं तो दिवसातून फार वेळा ऐकू येत होता.

“तुमच्या कानावर घालू नको म्हणाला होता,” मृणाल म्हणाली. मी म्हटलं, मला काय आजच ओळखतेस?

अल क्वोज

तपासणीच्या आदल्या दिवशी निनाद डोकं खाजवत आला. येणारे इंजिनिअर साहेब नव्हते, बाई होत्या, आणि एकट्या येत होत्या. कंपनीत आता एकही बाई उरलेली नव्हती. “मावशी, तू नुसती सोबत म्हणून येशील का? त्यांना अवघडल्यासारखं नको व्हायला.” मी एका पायावर तयार. सारखं मॉलमध्ये हिंडून माझे पाय दुखायला लागले होते.

अल क्वोज म्हणजे गोदामं, वर्कशॉप, मजुरांच्या इमारती आणि भाजणारा रस्ता. मजुरांच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले दिसावेत, तर बऱ्याच गॅलऱ्या रिकाम्या. यार्डात त्या बारा खोल्या ओळीने मांडल्या होत्या, नव्याने पांढऱ्या रंगवलेल्या. दारांवर क्लासरूम एक, क्लासरूम दोन अशा पाट्या. निनादचे मॅनेजर मॅथ्यूसाहेब टाय लावून उभे होते. त्यांनी माझी ओळख करून दिली ती “आमच्या एज्युकेशनल ॲडव्हायझर, इंडियाहून आल्यात” अशी. मला खरंच राग आला. मी तिथल्या तिथे बाईंना सांगून टाकलं, मी या मुलाची मावशी, सल्लागार वगैरे काही नाही, शाळेत मास्तरीण होते एवढंच.

बाई हसल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोक्याला गडद निळा रुमाल, पायात सपाट चपला आणि हातात स्वतःची मोजपट्टी. नाव सुहाद. बसऱ्याच्या शिक्षण खात्यात शाळांच्या इमारतींचं काम त्यांच्याकडे. “आमच्याकडे मुलं बाईंना सित म्हणतात,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मग तुम्ही पण सित.” त्या क्षणापासून त्या मला सित म्हणायला लागल्या आणि मी त्यांना सित सुहाद.

पहिल्या खोलीत शिरलो. एसीने आत छान गार केलं होतं. बाईंनी भिंतीवर हात फिरवला आणि एका जागी थांबल्या. रंगाखाली भोकं बुजवल्याच्या खुणा होत्या, दोन खाली, दोन वर.

“इथे काय होतं?”

मॅथ्यूसाहेब काहीतरी फिरवून सांगणार, तेवढ्यात निनाद म्हणाला, “एकावर एक पलंग. लेबर कॅम्पसाठी होत्या या खोल्या.”

बाईंनी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, “एसी बंद करा. दार लावून घ्या. सगळे बसा.”

बाकं अजून आली नव्हती. आम्ही जमिनीवर बसलो. मॅथ्यूसाहेब टायसकट बसले. खिडक्या होत्या, पण लहान, उंचावर, काच पक्की बसवलेली, कडेने सिलिकॉन भरून बंद केलेली. उघडायची सोयच नव्हती. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून निनादने ते मुद्दाम तसं केलं होतं, त्याचा त्याला अभिमानही होता. पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग पत्रा तापायला लागला. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा, पदराने वारा घेऊन उपयोग होईना. मॅथ्यूसाहेबांनी टाय सैल केला, मग काढलाच.

“सित,” बाई मला म्हणाल्या, “तुम्ही या वर्गात काय शिकवाल?”

“आत्ता? काही नाही. मी मुलांना सुट्टी देईन.”

त्या उठल्या, दार उघडलं. बाहेरची ती भट्टीसारखी हवासुद्धा बरी वाटली. मग त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यांच्या गावात वीज येते आणि जाते. येते ती किती वेळ टिकेल हे कुणालाच माहीत नसतं, आणि आली की सगळे आधी पाण्याची मोटर लावतात. शाळेला जनरेटर मिळाला तरी त्याला डिझेल कोण देणार?

“मॅडम, स्पेसिफिकेशनमध्ये एसी लिहिलाय,” मॅथ्यूसाहेब म्हणाले. “आम्ही प्रत्येक खोलीला दिलाय.”

“हो. कागदाप्रमाणे सगळं बरोबर आहे. मी आत्ता सही करू शकते.” त्यांनी मोजपट्टी पर्समध्ये ठेवली. “मला दोन दिवस द्या.”

परत येताना निनादने गाडीचा एसी पूर्ण सोडला. मला तेव्हा सारखं वाटत होतं, की ज्या शहरात एसी श्वासासारखा सगळीकडे चालू असतो, तिथल्या माणसाला बंद पडलेल्या एसीची खोली कशी सुचणार? त्याची चूक होती, पण ती दुबईत सात वर्षं राहिल्यावर होणारी चूक होती. हे त्याला बोलून दाखवायची ती वेळ नव्हती, म्हणून मी गप्प बसले, आणि मला ते किती अवघड जातं हे माझे विद्यार्थी सांगतील.

शुक्रवारचं जेवण

तिथं शुक्रवारी सुट्टी. बाई परक्या शहरात हॉटेलात एकट्या जेवणार, हे माझ्या मनाला पटेना. निनाद म्हणाला, “मावशी, ते लाच दिल्यासारखं दिसेल.” मी म्हटलं, भरली वांगी आणि भाकरी ही कुठल्या देशात लाच समजतात ते मला सांग. मी स्वतः फोन केला. बाई पण मोकळ्या, लगेच हो म्हणाल्या.

येताना त्यांनी एक पिशवी आणली. बघते तर आत वाळून काळेठिक्कर पडलेली लिंबं. मला वाटलं, बिचारीच्या प्रवासात खराब झाली. मृणालने हात धरला म्हणून, नाही तर पिशवी कचऱ्याच्या डब्यात गेली असती. त्याला म्हणे नूमी बसरा म्हणतात, उकळून चहा करतात. आम्ही जेवणानंतर केला. आंबट, किंचित कडवट, कोकमाच्या जवळपास जाणारी चव, पोटाला एकदम हलकं वाटतं.

“ही बसऱ्याला पिकतात?” मी विचारलं. भूगोलाची खोड.

“नाही,” बाई म्हणाल्या. “बाहेरून यायची. बसऱ्याच्या बंदरातून पुढे गेली म्हणून बसऱ्याची.”

मला माझ्या आईची नथ आठवली. बसऱ्याचे मोती, असं ती केवढ्या तोऱ्यात सांगायची. ते सांगितल्यावर बाई खळखळून हसल्या. मोतीसुद्धा बसऱ्याचे नव्हेतच, याच समुद्रातले, इथल्याच पाणबुड्यांनी काढलेले, बसऱ्यात नुसते विकले जायचे. म्हणजे माझ्या आईच्या नाकातला मोती कदाचित मी उभी होते तिथून समोरच्या पाण्यातला. आणि आम्ही जन्मभर बसऱ्याला मान देत आलो.

वांगी बघून त्यांनी विचारलं, “फक्त वांगीच भरता? आम्ही कांदे भरतो, मिरच्या भरतो, द्राक्षाची पानं भरतो, सगळं एका पातेल्यात शिजवून पातेलं ताटात उलटं करतो.” त्यांनी हाताने पातेलं उलटं करून दाखवलं. मी दुसरं वांगं वाढायला गेले, त्यांनी नको म्हटलं. तिसऱ्यांदा आग्रह केल्यावर घेतलं. मग म्हणाल्या, “आमच्याकडेही पहिल्यांदा हो म्हणायचं नसतं.” असं म्हटल्यावर मी चौथ्यांदाही वाढलं.

जेवण झाल्यावर त्या खिडकीशी गेल्या आणि कडी शोधायला लागल्या. ईरा सोफ्यावरून म्हणाली, “वी नेव्हर ओपन इट.”

“कधीच नाही?”

“नेव्हर. द एसी विल गो आउट.”

बाईंनी खिडकी ओढून बघितली. मीही हात लावला. धुळीने ती अशी घट्ट बसली होती, की आम्ही दोघी बायका जोर लावतोय आणि ती जागची हलेना. निनाद उभा राहून आमच्याकडे बघत होता. हाच मुलगा आमच्या साताऱ्याच्या घरी खिडकीत पाय सोडून पाढे म्हणायचा. खाली उतर म्हटलं तर पावकीपासून पुन्हा सुरू करायचा. मी तसं बोलले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. तो पुढे आला आणि चौकटीतली धूळ बोटाने खरवडायला लागला.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आपल्या खिडक्यांबद्दल सांगितलं. त्या लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या आहेत. बाहेर स्फोट झाला तर काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून. एक युद्ध संपलं की पट्ट्या काढायच्या ठरवायच्या, तोवर दुसरं. शेवटी काढायचंच सोडून दिलं. “माझ्या मुलींना वाटतं, काच अशीच बनते,” त्या म्हणाल्या. “आणि त्या कधी खिडकीजवळ बसत नाहीत. कुणी सांगितलं नाही. आपोआप भिंतीकडे सरकतात.”

एकाहत्तर साली आमच्याकडेही काचांना काळे कागद लावले होते, ते मला आठवलं. मजाच वाटायची तेव्हा. आमचं युद्ध दोन आठवड्यांत आटपलं आणि आम्ही कागद काढून गल्लीतल्या पोरांना त्याच्या होड्या करून दिल्या. हे सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं.

“लोक मला विचारतात, किती इमारती पडल्या,” त्या म्हणाल्या. “इमारती सोप्या आहेत सित. रस्त्याखालून पाण्याची पाइपलाइन कुठून गेलीये हे ज्याला माहीत होतं, तो माणूस गेला. कुणी मेलं, कुणी स्वीडनला गेलं. आता खड्डा खणला की पाइप फुटतो, पाइप जोडायला प्लंबर नाही, प्लंबर शिकवायला शाळा नाही, आणि शाळेला पाणी नाही. सुरू कुठून करायचं?” नळ जोडल्यासारखी त्यांची बोटं टेबलावर गोल फिरत राहिली. “आणि कुणी तक्रार करत नाही. आधी भीतीने करत नव्हते. नंतर ऐकायलाच कुणी नव्हतं. आता ऐकणारी मी बसलेय, तर लोक तक्रार करायचंच विसरलेत. पत्रा दिला, घेतात. भट्टी दिली तरी घेतील. वर शुक्रन म्हणून आभार मानतील.”

मी म्हटलं, तक्रारींवरच मोजायचं असेल तर आमचा सातारा केव्हाच उभा आहे, तिथं पाण्याची वेळ पाच मिनिटं चुकली तरी मोर्चा निघतो. त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. त्यांनी सही केली नाही तर फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाणार होती. मुलं आता एका मोडक्या इमारतीत तीन पाळ्यांत शिकत होती. आणखी एक वर्ष तसंच गेलं असतं. सही केली तर बारा भट्ट्या त्यांच्या नावावर. कितीही जेवू घातलं, तरी या पेचातून मला त्यांना बाहेर काढता येत नव्हतं.

शेजारचं यार्ड

शनिवारी निनाद उजाडता बाहेर पडला तो दुपारी धुळीने माखून आला. “मावशी, चल,” एवढंच म्हणाला. त्याचा आवाज सपाट नव्हता.

कंपनीच्या शेजारी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एकाचं यार्ड होतं. तिथं खिडक्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या, काचेसकट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एका टॉवरसाठी बनवलेल्या. टॉवर पायाच्या खड्ड्यातच थांबला आणि खिडक्या मागे राहिल्या. प्रत्येकीवर स्टिकर, मजल्याचा आकडा आणि दिशा. ‘३१, समुद्राकडील बाजू.’ जो फ्लॅट कधी बांधलाच गेला नाही, त्याची समुद्राकडची खिडकी मी हात लावून पाहिली. सरकवली की लोण्यासारखी सरकत होती. यार्डवाल्याला जागा रिकामी हवी होती. तो म्हणाला, “यल्ला, घेऊन जा.”

प्रत्येक खोलीत समोरासमोरच्या भिंती कापून मोठ्या खिडक्या बसवायच्या, असा निनादचा बेत. मॅथ्यूसाहेबांनी आधी हात वर केले, मग हिशेब केला, मग हात खाली घेतले. सिलिकॉनने बंद केलेल्या त्या उंच खिडक्या उचकटायला निनाद स्वतः उभा राहिला. दोन दिवस मागितलेल्या बाई आठवडाभर थांबल्या. संध्याकाळी त्या आणि मी खाडीवर जायचो, एका दिऱ्हमात लाकडी होडीने पलीकडे आणि पुन्हा अलीकडे. मी वेण्णा तलावाचं कौतुक सांगायची, त्या त्यांच्या शत-अल-अरब नदीचं. बहुतेक दोघीही थोडं वाढवून सांगत होतो.

पहिली खोली तयार झाल्यावर पुन्हा तेच. एसी बंद, दार बंद, सगळे जमिनीवर. या खेपेस मॅथ्यूसाहेब टायशिवाय आले होते, आणि ईरालाही मी बरोबर आणलं होतं. खिडक्या उघड्या. वारा कसला, गरम झुळूक, पण ती एका भिंतीतून येऊन दुसरीतून जात होती. घाम होता, पण जीव घाबरा होत नव्हता. मी तेवढ्यात ईराला आखाताचा नकाशा तोंडी सांगून पाहिला. तिने चक्क ऐकला.

बाई मात्र हवेकडे लक्ष देत नव्हत्या. त्या खिडकीच्या खालच्या कडेकडे बघत होत्या. फ्लॅटच्या खिडक्या त्या, पार गुडघ्याएवढ्या उंचीपासून वर गेलेल्या. जमिनीवर बसलेल्या ईराच्या खांद्याला काच लागत होती.

“काच मुलांच्या इतकी जवळ,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

निनाद लगेच म्हणाला, “वर घेता येतील मॅम. मुलांच्या डोक्याच्या वर. खालून भिंत बंद करतो.”

त्या उठून खिडकीजवळ गेल्या. बराच वेळ काचेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. “उंच खिडकी म्हणजे उद्या पुन्हा काहीतरी फुटणार आहे, असं भिंत मुलांना रोज सांगणार,” त्या म्हणाल्या. “खाली खिडकी म्हणजे मी सांगणार, की फुटणार नाही. मला काय माहीत? मी कोण हे सांगणारी?”

मला काय सुचलं देव जाणे, मी शाळेतल्या अनुभवाने जे खरं तेच बोलले. म्हटलं, “खिडक्या खाली ठेवल्यात तर एक त्रास नक्की होईल हं. मुलं बाहेर बघत बसतात. आमच्या शाळेत खालच्या काचांना याचसाठी पांढरा रंग मारला होता. पोरं नखाने खरवडून भोकं पाडायची आणि त्यातून बघायची. वर्गातल्या निम्म्या तक्रारी खिडकीच्या.”

बाई माझ्याकडे वळल्या. “खिडकीजवळच्या जागेसाठी भांडतात?”

“मारामाऱ्या होतात.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही वाईट बोलले की काय, असं मला वाटलं. त्यांनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं हळूच म्हणाल्या, “सित, ती तक्रार माझ्या ऑफिसात येऊ दे. इन्शाल्ला, ती एवढी एक तक्रार येऊ दे.”

मग निनादकडे वळून म्हणाल्या, “खिडक्या आहेत तिथेच राहू देत. कागद आणा.”

जबल अली

खोल्या ट्रकवर चढून जबल अलीच्या बंदराकडे निघाल्या, तेव्हा मी हट्ट करून बरोबर गेले. एवढं अवाढव्य बंदर मी बघितलं नव्हतं. एका बाजूला जनरेटरच्या रांगा, एका बाजूला पाण्याच्या टाक्या, पोत्यांचे ढीग, आणि पेट्यांवर बसरा, काबूल, कंदाहार. जे देश मी वर्गात रंगीत खडूने भरले, त्यांना लागणारं सगळं सामान तिथं उन्हात उभं होतं. एखाद्या देशात घर नव्याने मांडायचं, तर चमच्यापासून सगळं बाहेरून आणावं लागतं, आणि ते वापरणारी माणसं मात्र तशी पेटीतून आणता येत नाहीत. ते दिसल्यावर मला सित सुहादचं टेबलावर फिरणारं बोट आठवत राहिलं.

बाई त्याच दिवशी गेल्या. जाताना मला मिठी मारली आणि कानात काहीतरी अरबी बोलल्या. निनादला विचारलं तर म्हणाला, मला पण नाही कळलं. बरं झालं नाही कळलं, असं मी ठरवून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी मृणालने कुणालातरी बोलावून ती हॉलमधली खिडकी उघडून घेतली. धूळ, हॉर्न आणि खालच्या हॉटेलातला डोशाचा वास एकदम आत आला. ईरा नाक दाबून म्हणाली, “सो नॉइझी.” पण जेवताना तिने खुर्ची तिकडेच ओढली.

सातारा

घरी येऊन महिने गेले. काळी लिंबं मी जपून वापरली तरी संपत आली. कंपनीला आणखी शाळांचं काम मिळालं, निनाद तिथंच आहे. बसऱ्याच्या बातम्या पेपरात आल्या, की मी आधी गावाचं नाव वाचायची आणि मग बाकीचं. ज्या दिवशी स्फोटाची बातमी असायची, त्या दिवशी मला डोळ्यांसमोर खाली बसवलेल्या काचा दिसायच्या. दूर कुठे काही झालेलं असायचं, पण जेवण जायचं नाही. ‘खिडक्या आहेत तिथेच राहू देत’ हे ठरवण्यात माझ्या चार वाक्यांचाही हात होता, आणि ते ओझं मला नेमकं रात्री अंथरुणावर जाणवायचं.

थंडी सुरू झाल्यावर एके दुपारी निनादचा फोन आला. काळजीत होता. म्हणाला, शाळेची पहिली तक्रार आलीये, मॅथ्यूसाहेबांनी मलाच उत्तर द्यायला सांगितलंय.

मी फोन घेऊन अंगणात आले. “कसली तक्रार?”

“हेडमास्तरांनी लिहिलंय. खिडक्या फार खाली आहेत. विद्यार्थी तासाला सतत बाहेर बघतात. खिडकीजवळच्या जागेवरून रोज भांडणं होतात, परवा एकाचा दात पडला. योग्य ती कारवाई करावी.” मग म्हणाला, “खाली सित सुहाद यांनी तुझ्यासाठी एक ओळ लिहिलीये. ‘सितना सांगा, आली.’ एवढंच. काय आली, मावशी?”

फोन कानाला धरून मी आमच्या अंगणात उभी होते आणि ढसाढसा रडत होते. कुलकर्णीबाई कंपाउंडवरून बघत होत्या, त्यांना वाटलं, कुणी गेलं.

“मावशी? ऐकतेयस ना? खालच्या काचांना पांढरा रंग मारा, असं कळवू का त्यांना?”

“खबरदार,” मी म्हटलं.